रखमा जाते-येते तोवर

रखमा साळीण मोकळ्या रस्त्यावरसुद्धा अंग चोरून चालायची. हौदापासून बाजाराकडं जाणारा आमचा रस्ता काही अरुंद नव्हे. सरकारचा हत्ती अंबारीसकट त्यावरून जायचा आणि बघ्यांना दोन्ही अंगांना उभं राहायला जागा उरायची. त्या रस्त्याच्या मधोमध ही बाई दोन्ही कोपरं पोटाशी घेऊन, उजवा खांदा जरा पुढं काढून, मान ताठ ठेवून चालायची. पेठेत नवीन आलेलं माणूस विचारायचंच, "या बाईंना काही लागलंय का हो?"

"लागलंय तर," मी म्हणायचे, "केरोबाशेटची भिंत लागलीय."

मी जातीची कासारीण, नाव सगुणा. पुण्याच्या पेठांमधून बांगड्या भरत हिंडण्यात माझा जन्म गेला. बांगडी भरताना बाईचा हात माझ्या हातात असतो, आणि हात आवळला की तोंड सुटतं, त्यामुळं न विचारताच मला पुष्कळ कळतं. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, अशुभ ते. बांगडी वाढली म्हणायचं. तर रखमेच्या बांगड्या जितक्या वाढल्या तितक्या साऱ्या पेठेत कुणाच्या वाढल्या नसतील. मी दिसले की ती हाक मारायची, "ए कासारणी, ये गं, पुन्हा वाढल्या."

मी विचारायचे, "बांगड्या का भिंत?"

"दोन्ही," ती म्हणायची. "भिंत वाढते ती खरीच वाढते, बांगडी वाढते ती फुटते. एवढाच काय तो फरक."

अशी बोलायची. हसायची नाही. बोलून झालं की दुसरा हात पुढं करायची.

तिचा नवरा विठू साळी पैठणहून पुण्यात आला तेव्हा आमची पेठ नुसती बोलण्यात होती. नागझरीच्या अलीकडं माळ होता, निवडुंग होता, कलत्या उन्हाला कोल्हे हिंडायचे. सरकारनं कौल दिला, जो कोणी येऊन घर बांधील त्याला काही वर्षं पट्टी माफ. कुणाला कुठली जागा द्यायची ते शेट्यांनी ठरवायचं. शेटे म्हणजे पेठेचे कारभारी. विठू सगळ्यांच्या आधी आला, म्हणून शेटे म्हणाले, "बाबा, तू निवड." या शहाण्यानं माळाच्या मधोमध जागा घेतली. त्याला वाटलं, मधली जागा म्हणजे मानाची. घर बांधलं, खड्डा खणून माग बसवला. रखमा सांगायची, तेव्हा दारात उभं राहिलं की थेट पर्वती दिसायची, आणि जेवून उठलेलं माणूस वाटेल त्या दिशेला हात धुवायला जायचं.

मग पेठ भरत गेली. रस्ता आखला तो विठूच्या दारापासून लांबून गेला. रस्त्याकडेच्या जागा दुकानदारांनी धरल्या. पुढं केरोबा भुसारी आणि एक तांबट, मागं कुणा सरदाराच्या पागेची भिंत, दोन्ही अंगांना आणखी घरं. पागेची भिंत तर अशी, की घोडा दिसायचा नाही, नुसता वास यायचा. सगळ्यांत आधी आलेला विठू जागचा न हलता सगळ्यांच्या मागं गेला. बाहेर पडायला उरली ती केरोबाशेट आणि तांबट यांच्या घरांमधली फट. तीही केरोबाशेटना आपल्या कोठारात घ्यायची होती.

तेव्हा पंच बसले. हौदापाशी बसले, कारण सगळ्यांना तिथं यायचंच असतं. वाट किती रुंद ठेवायची यावर अडलं. हातांनी मोजायचं म्हणावं तर विठूचा हात लांब आणि केरोबाशेटचा आखूड. कुणाच्या हातानं मोजायचं यावरच दुपार झाली. रखमा नेमकी पाणी भरून चालली होती. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. म्हातारे शेटे वैतागून म्हणाले, "अरे, ही बाई उभी आहे ना? हिला जाऊ द्या." हंड्या-कळशीसकट तिला दोन घरांमधून चालवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुन्याची फक्की ओढली. मग सगळ्यांना बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावून शेटे बोलले, "साळ्याची रखमा पाणी घेऊन जाते-येते तोवर या वाटेला कुणी हात लावायचा नाही."

बोलायची एक रीत असते. त्यांच्या मनात कायमचंच होतं. चंद्रसूर्य म्हणायच्या ऐवजी समोर दिसली म्हणून रखमा म्हणाले. सगळे आपापल्या घरी गेले, रखमा हंडा उतरवून भाकऱ्या थापायला बसली. त्या शब्दांत काय राहून गेलं ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. केरोबाशेटच्या मात्र आलं.

केरोबाशेट काही दुष्ट नव्हते बरं का. कपाळाला गंध, तोंडात साखर, दारच्या गाईला रोज घास. फक्त भिंतीपाशी उभे राहिले की त्यांना काय व्हायचं कोण जाणे.

रखमेला मुलगा झाला, सोपान. त्याचा नवस फेडायला ती जेजुरीला गेली. विठू मागावरचं काम सोडून येईना, म्हणून शेजारणींबरोबर गेली. परत येते तो वाटेत भुसाराची पोती रचलेली आणि तोंडाशी जोत्याचे दगड मांडलेले. विठू बिचारा पोत्यांवरून चढून जात-येत होता. रखमेनं कपाळावरचा भंडारासुद्धा पुसला नाही, तशीच शेट्यांच्या दारात गेली. म्हातारे शेटे तोवर वारले होते, गादीवर मुलगा होता. केरोबाशेट हात जोडून म्हणाले, "माझं काय चुकलं? शब्द होता रखमा जाते-येते तोवर. रखमा गेली. आली नाही. मला वाटलं, वाट संपली."

विठू ओरडला, "अहो, मी होतो की घरात! मी जात होतो, येत होतो!"

"तुम्ही रखमा आहात का?" केरोबाशेट अगदी मायेनं म्हणाले.

लोक हसले. धाकट्या शेट्यांनी पोती काढायला लावली, ते खरं. पण वर म्हणाले, "बाई, बेलभंडार उचलून दिलेला वडिलांचा शब्द मी कसा बदलू? तुम्ही आपल्या जात-येत राहा. वाट सोडून कुठं जाऊ नका." त्यांनी हे समजुतीनं सांगितलं. त्या दिवसापासून रखमेनं पुणं सोडलं नाही. माहेर नाही, जत्रा नाही, आळंदीसुद्धा नाही. दिवस उजाडला की हंडा आणि कळशी, वाटेनं बाहेर, वाटेनं आत. अंगात ताप असो, पाय सुजलेले असोत. एकदा मी म्हटलं, "अगं, लोकांना कोंडतात ते दाराला कडी लावून. तुला उघड्या वाटेनं कोंडलंय." ती म्हणाली, "तेच तर. कडी असती तर काढता तरी आली असती." मला रडू आलं. तिला नाही आलं, ती हंडा घासत होती.

केरोबाशेट मात्र तिच्या पुण्याची फार काळजी वाहायचे. ओट्यावर बसून म्हणायचे, "रखमाबाई, एकदा काशी करा हो. गाडी मी देतो, बैल मी देतो, वाटेची शिदोरी घरून करवून देतो."

"आधी तुम्ही जाऊन या, शेट," रखमा न थांबता म्हणायची. "तुमची पापं जास्त आहेत, त्यांना गाडी लागेल. माझी चालत जातील."

असं बरंच चाले. पेठेला करमणूक होती. रखमेला नव्हती.

पुढं केरोबाशेटनी दुसरी युक्ती काढली. वाट अडवायची नाही, नुसती भिंत सारवायची. दसऱ्याला एक गिलावा, पाडव्याला एक गिलावा, घरात मुंज निघाली की आणखी एक. भिंत म्हणजे सणासुदीला जाड होणारं जावईमाणूसच झालं. चुन्याची फक्की केव्हाच पुसली गेली होती. रखमेच्या बांगड्या वाढू लागल्या त्या तेव्हापासून. मला हातच सांगायचा ना! कळशी डाव्या काखेत, उजवा हात हंड्याला, आणि खरचटलेलं कायम उजवं कोपर. मी म्हटलं, "पंच बोलाव."

पंच आले. रखमेला पुन्हा हंडा-कळशी घेऊन चालवली. पण इतक्या वर्षांत बाई वाळून निम्मी झालेली. गेली की सरळ पार! केरोबाशेट टाळी वाजवून म्हणाले, "बघा. जाते की नाही?" पंचांनी माना डोलावल्या.

रखमा तिथंच उभी राहिली. म्हणाली, "पंचहो, तुम्ही बाई मोजली तेव्हा बाईच्या हातात काय होतं?"

"हंडा, कळशी," शेटे म्हणाले.

"आणि?"

कुणाला आठवेना. तेव्हा ती म्हणाली, "मी सवाष्ण होते, अजून आहे. माझे हात भरलेले होते. आज भुंडे आहेत, कारण यांच्या भिंतीनं एक बांगडी ठेवलेली नाही. हात भरून चालते, मग सांगा."

मी तिथंच होते. भर रस्त्यात बसून मी तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरले. सगळी पेठ बघत होती. मग ती हंडा-कळशी घेऊन वाटेत शिरली, आणि पंच कान देऊन उभे राहिले. पहिल्या पावलाला खणखण, दुसऱ्याला खळ्ळकन. वाटेच्या त्या टोकाला पोचेपर्यंत निम्म्या बांगड्या खाली पडलेल्या. पंचांनी त्या तुकड्यांकडं बोट दाखवलं. केरोबाशेटना गिलावा खरवडून काढावा लागला, आणि चार दिवस त्यांच्या भुसारात चुना येत होता. माझ्या आयुष्यात माझा माल इतक्या कामी कधी आला नाही.

एवढं जिंकूनही ती हलू शकत नव्हती, ते नव्हतीच. पैठणला तिची थोरली बहीण होती, गंगू. आई लहानपणी गेलेली, गंगूनंच हिला कडेवर घेऊन मोठी केलेली. रखमेच्या तोंडी दुसरं माणूस नसायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी गंगू, आभाळ आलं तरी गंगू. साळ्यांच्या गाड्या सूत घेऊन पैठणला जायच्या-यायच्या, त्यांच्याबरोबर निरोप जायचा. "येते" असा निरोप दर वर्षी जायचा. गंगूचाही दर वर्षी उलटा निरोप यायचा, "बघते वाट." आमच्या रखमेच्या नशिबात वाट हा शब्दच वाईट होता.

मग सोपानचं लग्न ठरलं. मुलगी चाकणची, चिमा नाव. गोरी, ठेंगणी, बडबडी. मांडवात तांदळाचं ताट आलं, आता नवऱ्या मुलानं अंगठीनं तांदळांत नवरीचं नवं नाव लिहायचं. रखमेनं भटजींना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी मुलाचा हात धरून लिहवलं आणि मोठ्यानं वाचलं, "रखमा."

 सासू धडधडीत जिवंत, आणि सुनेला सासूचं नाव? असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. चाकणची मंडळी उठायलाच निघाली होती. केरोबाशेट पंक्तीत लापशी खात होते, त्यांचा घास हातातच राहिला. रखमा त्यांच्या पानाशी गेली, तूप वाढलं आणि म्हणाली, "शेट, शब्द रखमेचा आहे ना? ही बघा, नवी आणलीय. हिला नीट बघून ठेवा."

पेठ किती दिवस हसत होती! मीही हसले. विठू म्हाताऱ्या वयात मागाच्या खड्ड्यातून उठून नाचायचा तेवढा राहिला. रखमा मला म्हणाली, "आता गंगूकडं जाईन. ही पोर जरा रुळली की जाईन."

हसणं माझं पुढं थांबलं, कारण मी त्या पोरीच्या हातात बांगड्या भरायला जायचे. सुनेनं सासूचं नाव उच्चारायचं नाही, ही आमची रीत. या पोरीचं स्वतःचं नावच सासूचं. तेव्हा हौदावर कुणी विचारलं, "नाव काय गं तुझं?" की ती खाली बघायची. चिमा म्हणायची चोरी, ते नाव मांडवात गेलं. रखमा म्हणायची सोय नाही. बडबडी मुलगी मुकी होत चालली. आणि सासूसारखंच डोक्यावर हंडा, काखेत कळशी, कोपरं पोटाशी. एके दिवशी ती बाजाराच्या रस्त्यानं येताना मी लांबून बघितली. मोकळा रस्ता, आणि पोरगी उजवा खांदा पुढं काढून चाललेली.  बांगड्या भरताना कुणी नाही असं बघून मी तिला हळूच म्हटलं, "चिमा, हात सैल सोड." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मला दुसरीकडं बघावं लागलं.

पैठणहून निरोप आला की गंगूचे डोळे गेले. "एकदा ये. दिसायची नाहीस, पण हात लावून बघीन." विठूनं गंगूसाठी लुगडं विणलं, जांभळं, रुंद काठाचं. रखमेनं बोचकं बांधलं. गाड्या निघायच्या त्या सकाळी मी तिला निरोप द्यायला गेले. सोपान, विठू, आम्ही सगळे रस्त्यावर उभे. गाडीत रखमेसाठी गवत पसरून जागा केलेली. आणि त्याच सकाळी चाकणहून चिमेचा भाऊ आला, बहिणीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला. त्याला कुठं माहीत, की या घरातून एका वेळी एकच रखमा जाऊ शकते?

"पुढच्या महिन्यात न्या," विठू म्हणाला.

"पुढच्या महिन्यात गाडीत बसवणार कशी तिला?" भाऊ म्हणाला. खरंच होतं, पोट चांगलंच पुढं आलेलं.

 रखमेच्या काखेत बोचकं तसंच. तेवढ्यात चिमा हौदावरून पाणी घेऊन आली. भावाला बघून तिचा चेहरा फुलला, मग गाडी बघितली आणि तो विझला. "मी राहते," ती म्हणाली, "आत्याबाईंनी जावं." आणि वाटेत शिरली. सरळ जावं तर कळशी घासत होती, तिरकं व्हावं तर पोट. मध्यावर पोचली आणि अडकली. पुढं होईना, मागं होईना. हंडा डोक्यावर, हात दोन्ही गुंतलेले. ओरडली नाही. नुसती भिंतीला टेकून उभी राहिली आणि वर बघू लागली. वर आभाळाची पट्टी तेवढी होती.

रखमा बघत राहिली. मी तिच्या शेजारी होते. तिनं बोचकं माझ्या हातात दिलं, वाटेत गेली, पोरीच्या डोक्यावरचा हंडा उचलून आपल्या डोक्यावर घेतला, कळशी घेतली आणि म्हणाली, "भाऊ आलाय. जा."

"आत्याबाई, गंगूमावशी..."

"जा म्हटलं ना. उलट बोलतेस? एवढी कधी शिकलीस?"

चिमा चाकणला गेली. लुगडं पैठणला गेलं, गाडीवाल्याच्या हाती. परत येताना त्यानं सांगितलं, गंगूनं लुगडं चाचपलं, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "काठ विठूचाच आहे. पण बाई कुठाय?" पुन्हा गाड्या निघायच्या आत गंगू वारली. रखमेनं ऐकलं, अंगावरून पाणी घेतलं आणि हंडा भरून घरात गेली. त्या दिवशी मला तिचा इतका राग आला, आणि केरोबाशेटचा, आणि बोलून मेलेल्या शेट्यांचा, आणि हसणाऱ्या साऱ्या पेठेचा, की मी त्या रस्त्याला बांगड्याच भरल्या नाहीत.

मी तिला शेवटचं बघितलं ते दसरा झाल्यावर. तांबटाच्या ओट्यावर बसून मी त्याच्या बायकोला बांगड्या भरत होते. वाटेचं तोंड ओट्याला लागूनच, वाकलं की आतपर्यंत दिसायचं. चाकणची गाडी थांबली आणि चिमा उतरली, कडेवर दुपट्यात गुंडाळलेली मुलगी. अंगानं भरली होती, गालांवर रंग आला होता. ती वाटेत शिरली, आणि त्याच वेळी आतून रखमा रिकामा हंडा-कळशी घेऊन बाहेर यायला निघालेली. मधोमध दोघी समोरासमोर आल्या. दोघींना एकमेकींच्या अंगावरून जाण्यापुरती जागा त्या वाटेत कधी नव्हतीच.

"आत्याबाई, तुम्ही या. मी मागं होते," चिमा म्हणाली.

रखमेनं बाळाकडं बघितलं. "बारसं केलंत म्हणे. काय नाव ठेवलंत?"

पोरगी मग चांगलं मोठ्यानं, ओट्यावर मला ऐकू येईल असं म्हणाली, "चिमा."

 मला वाटलं, आता रखमा रागावते. ती म्हणाली, "चांगलं आहे. तिला घेऊन ये आत. तू नको मागं होऊस, मीच होते." आणि ती पाठ न फिरवता, डोक्यावर हंडा, काखेत कळशी, कोपरं पोटाशी, एकेक पाऊल मागं टाकत गेली. चिमा बाळाला घेऊन तिच्या पुढं पुढं. घराच्या उंबऱ्यापर्यंत रखमेचं तोंड रस्त्याकडंच होतं.